छायाचित्राची मागची बाजू

(१) आजचा धागा एका छायाचित्रकाराविषयी आहे आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही. छायाचित्रकार आहे अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील हिबर स्प्रिंग्ज या छोट्या डोंगरगावचा, माइक डिसफार्मर. चूक माझ्या आजोळची. दोन्हींचा संबंध काय, हे सांगायला थोडा अवकाश लागेल. सवडीने वाचावे.

(२) आधी चूक सांगते. एम. ए.च्या पहिल्या वर्षी मी भोरजवळच्या आजोळी जुनी छायाचित्रे गोळा करत फिरत होते. स्थानिक इतिहासाचा एक छोटा प्रकल्प हाती होता. मावशीआजीने ट्रंकेतून एक छायाचित्र काढून दिले. तालुक्याच्या गावी स्टुडिओत काढलेले, १९६० च्या आसपासचे. रंगवलेल्या पडद्यापुढे नऊवारीतल्या पाच स्त्रिया. दोघी खुर्चीवर बसलेल्या, तिघी मागे उभ्या. "ने, पण परत आण गं बाई," एवढेच ती म्हणाली. मी ते पुण्याला नेऊन उत्तम दर्जाचे स्कॅन केले आणि महिन्याच्या आत परत दिले. मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले ओझरते दिसले होते. ते मी स्कॅन केले नाही. वाचलेही नाही.

(३) पुढे घरच्यांनी ते छायाचित्र भिंतीवर लावण्यासाठी फ्रेम करून घेतले. फ्रेम करताना ते पुठ्ठ्यावर पक्के चिकटवले गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात मावशीआजी गेली. आता प्रबंधात त्या छायाचित्राखाली पाच नावे लिहायची आहेत आणि मला दोनच ठाऊक आहेत: एक तिचे, दुसरे माझ्या आजीचे. याच दिवसांत मी डिसफार्मरविषयी वाचत होते. हजारो मैलांवरच्या त्या माणसाच्या कामाचे पुढे जे झाले, ते वाचताना मला सारखी ती पुठ्ठ्याला चिकटलेली बाजू आठवत राहिली.

(४) आता हिबर स्प्रिंग्जकडे वळू. ओझार्क डोंगररांगांच्या दक्षिण पायथ्याशी, लिटल रेड नदीच्या काठी हे गाव वसले आहे. १८८१ मध्ये ते वसवले गेले तेव्हा त्याचे नाव शुगर लोफ होते. १९१० मध्ये ते बदलून हिबर स्प्रिंग्ज झाले. खनिजयुक्त पाण्याचे झरे हे गावाचे आकर्षण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेल्वे आली आणि झऱ्यांचे पाणी प्यायला, हवापालट करायला पाहुणे येऊ लागले. भोवताली मात्र छोट्या शेतकऱ्यांची वस्ती होती. जमीन डोंगरउताराची, पीक कापसाचे आणि हातात रोख पैसा क्वचितच.

(५) या गावात १९१४ च्या सुमारास माइक मायर नावाचा तिशीतला अविवाहित तरुण आपल्या आईसोबत राहायला आला. त्याचा जन्म १८८४ चा, इंडियाना राज्यातला. कुटुंब जर्मन वंशाचे. तो लहान असताना हे कुटुंब आर्कान्सातील स्टुटगार्ट या गावी आले होते. जर्मन स्थलांतरितांनी वसवलेल्या या गावाचे नावही त्यांच्या मायदेशातील शहरावरून पडलेले. हिबर स्प्रिंग्जला आल्यावर मायरने आईच्या घराच्या मागच्या ओसरीवर छायाचित्रे काढायला सुरुवात केली. पुढे टॉर्नेडोत ते घर उद्ध्वस्त झाले. मग त्याने गावच्या मुख्य रस्त्यावर स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि आयुष्याची अखेरची वर्षे तो तिथेच राहिला, तिथेच काम करत राहिला.

(६) हा स्टुडिओ समजून घेण्याजोगा आहे, कारण त्याच्या छायाचित्रांचा सारा गुण त्या बांधणीत आहे. छपराला उत्तरेकडे तोंड असलेली मोठी काचेची खिडकी होती. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. दिवसभर एकसारखा, मऊ उजेड येतो. चेहऱ्यावर कठीण सावल्या पडत नाहीत आणि सुरकुती, शिलाई, गुंडी हे सगळे स्पष्ट उमटते. इतर छायाचित्रकार फिल्मकडे वळल्यानंतरही तो कितीतरी वर्षे काचेच्या प्लेटाच वापरत राहिला. प्लेट कागदावर थेट ठेवून प्रिंट काढायची, म्हणजे प्रिंट प्लेटएवढीच, पोस्टकार्डाच्या आकाराची. तळहातावर मावणारी ही छायाचित्रे आजही विलक्षण रेखीव दिसतात.

(७) गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. शनिवारी बाजाराला आले की पन्नास सेंटमध्ये तीन प्रिंट मिळत. सुरुवातीच्या काळात तो रंगवलेले पडदे वापरत असे. नंतर मागे साधा पांढरा किंवा काळा पट एवढेच. फुलदाणी नाही, खांब नाही, खोटा बगीचा नाही. काही छायाचित्रांत तर पांढऱ्या पटावरच्या उभ्या काळ्या रेषाही तशाच दिसतात. ज्यांनी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतले, त्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले की तो फारसे बोलत नसे आणि कुणाला हसायला सांगत नसे. काळ्या कापडाखाली बराच वेळ घालवी आणि मग सूचना न देताच छायाचित्र टिपी.

(८) म्हणून त्या छायाचित्रांत माणसे वाट पाहताना दिसतात. डोळे थेट कॅमेऱ्याकडे, हातांचे काय करावे हे न सुचलेले. मळक्या ओव्हरॉलमधले बाप आणि मुलगे. एकाच कापडाचे झगे घातलेल्या बहिणी. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले मित्र. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतरच्या छायाचित्रांत नव्या कोऱ्या गणवेशातले पोरगेलेसे सैनिक आणि त्यांच्या शेजारी आई किंवा पत्नी. परत येण्याची खात्री नसलेल्या माणसाची तीन प्रिंट घरात ठेवायची, तर पन्नास सेंट ही फार मोठी किंमत नव्हती. फार लहानही नव्हती.

(९) आता त्याच्या नावाविषयी. १९३९ मध्ये मायरने कायदेशीररीत्या आडनाव बदलून 'डिसफार्मर' केले. 'मायर' या जर्मन आडनावाचे मूळ जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या कारभाऱ्यात, कुळात आहे. त्याने त्याचा अर्थ 'शेतकरी' असा घेतला. इंग्रजीत 'डिस' हा नकारवाचक उपसर्ग. मराठीत सांगायचे तर त्याने 'अशेतकरी' असे आडनाव लावून घेतले. शेतकऱ्यांच्या कुटुंबात जन्मलेला, शेतकऱ्यांच्या पैशांवर पोट भरणारा माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सरकारदरबारी नोंदवतो की मी तुमच्यातला नाही.

(१०) एवढ्यावर तो थांबला नाही. आपण मायर घराण्याचे नाहीच, तान्हेपणी एका टॉर्नेडोने आपल्याला खऱ्या आईवडिलांपासून उडवून या लोकांच्या दारात आणून टाकले, अशी कथा तो सांगत असे. गावाने त्याला विक्षिप्त ठरवले यात नवल नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा कथेचे काय करावे? जन्माचा पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहे. पण तिच्या सांगणाऱ्याविषयी ती बरेच सांगते: ज्याचे घर खरोखरच टॉर्नेडोने नेले, त्याने आपल्या परकेपणाचे कारणही टॉर्नेडोतच शोधले.

(११) आता थोडी साधनचिकित्सा. १९३५ पासून अमेरिकन सरकारने मंदीत होरपळलेल्या ग्रामीण भागाची छायाचित्रे काढायला नामवंत छायाचित्रकार पाठवले. डोरोथिया लँग, वॉकर एव्हन्स, बेन शान ही त्यांतली नावे. शान १९३५ मध्ये आर्कान्सातही फिरला. आज आपल्या मनातला मंदीचा चेहरा त्यांनीच घडवला आहे. पण ती छायाचित्रे काढावीत असे कुणाला वाटत होते? सरकारी खात्याला. दारिद्र्य दाखवून मदतीच्या योजनांना जनमत मिळवायचे होते. डिसफार्मरच्या दारात माणसे स्वतःहून आली, खिशातून पैसे देऊन उभी राहिली आणि प्रिंट घरी घेऊन गेली. त्याच दशकातले, त्याच वर्गातले शेतकरी. पण एका ठिकाणी ते विषय आहेत, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक. जुने छायाचित्र हाती आले की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे कुणाला हवे होते?

(१२) दुसरा प्रश्न नावाचा. लँगचे 'मायग्रंट मदर' हे छायाचित्र तुम्ही पाहिलेच असेल: कॅलिफोर्नियात निपोमो येथे मार्च १९३६ मध्ये टिपलेली, हनुवटीला हात लावून दूर पाहणारी आई आणि तिला बिलगलेली मुले. लँगने तिचे नाव विचारले नव्हते, हे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवले. जगभर छापल्या गेलेल्या त्या चेहऱ्याला फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव मिळायला १९७८ साल उजाडले. ती चेरोकी वंशाची आदिवासी स्त्री होती, हेही तेव्हाच लोकांना कळले. बेचाळीस वर्षे ते छायाचित्र गोऱ्या अमेरिकेच्या दुःखाचे प्रतीक म्हणून पाहिले गेले होते. एक नाव न विचारल्याने केवढा अर्थ बदलू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

(१३) तिसरा प्रश्न अनुपस्थितांचा. डिसफार्मरच्या छायाचित्रांत जवळजवळ सगळे चेहरे गोरे आहेत. ओझार्कच्या डोंगराळ भागात कृष्णवर्णीयांची वस्ती आधीच विरळ होती आणि काही ठिकाणी ती बळाने संपवली गेली. आर्कान्सातल्याच हॅरिसन या गावातून १९०५ आणि १९०९ मध्ये जमावाच्या हिंसेने कृष्णवर्णीय रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले. या छायाचित्रांना 'साध्यासुध्या अमेरिकेचा आरसा' म्हटले जाते, तेव्हा त्या आरशासमोर कोण येऊच शकत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. छायाचित्रकाराचा यात दोष आहे असे मी म्हणत नाही. दप्तर पूर्ण आहे असे कुणी समजू नये, एवढेच.

(१४) १९५९ मध्ये डिसफार्मर स्टुडिओतच मृतावस्थेत सापडला. वय पंचाहत्तरच्या आसपास. लग्न केलेले नव्हते. गावचे माजी महापौर आणि लष्करातून निवृत्त झालेले अभियंते जो ऑलब्राइट यांनी स्टुडिओतला ऐवज विकत घेतला. किंमत पाच डॉलर. त्यात सुमारे तीन हजार काचेच्या प्लेटा होत्या. ऑलब्राइट यांनी त्या फेकल्या नाहीत, घरी ठेवल्या. एवढ्याशा निर्णयावर आज आपण हा सारा इतिहास बोलत आहोत. ओलाव्याने काही प्लेटा खराब झाल्या, पुष्कळशा वाचल्या. दरम्यान गावही बदलले. लिटल रेड नदीवर ग्रीअर्स फेरी धरण झाले. ३ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्याचे लोकार्पण केले, त्यांच्या हत्येच्या काही आठवडे आधी. शनिवारच्या बाजाराच्या गावाशेजारी आता सहलीचे सरोवर होते.

(१५) १९७० च्या दशकात पीटर मिलर हा तरुण हिबर स्प्रिंग्जमध्ये 'आर्कान्सा सन' हे वृत्तपत्र चालवत होता. जुनी छायाचित्रे पाठवा, असे आवाहन वृत्तपत्राने वाचकांना केले आणि ऑलब्राइट यांच्या घरच्या प्लेटा उजेडात आल्या. मिलरने त्यांतील काही छायाचित्रे न्यूयॉर्कला 'मॉडर्न फोटोग्राफी' मासिकाच्या संपादिका जूलिया स्कली यांच्याकडे पाठवली. १९७६ मध्ये 'डिसफार्मर: द हिबर स्प्रिंग्ज पोर्ट्रेट्स' हे पुस्तक निघाले. त्यातली छायाचित्रे १९३९ ते १९४६ या काळातली. ज्याला गावाने विक्षिप्त म्हणून सोडून दिले होते, तो मृत्यूनंतर सतरा वर्षांनी अमेरिकन कलेच्या इतिहासात जाऊन बसला.

(१६) इथवर ही कथा 'अज्ञात कलावंत अखेर उजेडात' या ओळखीच्या वळणाची आहे. मला खिळवून ठेवले ते पुढच्या भागाने. तेव्हा जगासमोर आले होते ते सगळे काचेच्या प्लेटांवरून नव्याने काढलेले प्रिंट. आणि काचेच्या प्लेटेला मागची बाजू नसते. तिच्यावर चेहरा असतो; कुणी, कुणाला, कधी दिला हे नसते. डिसफार्मरने स्वतः काढून गिऱ्हाइकांच्या हातात दिलेले मूळ प्रिंट मात्र गावातच होते: बायबलच्या पानांत, अल्बममध्ये, बुटांच्या खोक्यांत. त्यांच्यावर बोटांचे डाग होते, दुमडलेले कोपरे होते, मागे आईच्या किंवा बहिणीच्या हाताने लिहिलेला मजकूर होता.

(१७) २००४-०५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या संग्राहकांना या मूळ प्रिंटांचे मोल उमगले. त्यांनी स्थानिक माणसांना हाताशी धरून घरोघर शोध सुरू केला आणि कुटुंबांना रोख पैसे देऊन हजारो प्रिंट मिळवले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन कलादालनांत त्यांची प्रदर्शने भरली. कधीकाळी तीन मिळून पन्नास सेंटना विकली गेलेली छायाचित्रे आता हजारो डॉलरना जाऊ लागली. अलीकडच्या वर्षांत डिसफार्मरच्या दूरच्या नातेवाइकांनी या वारशावर हक्क सांगितला आहे. ज्या मायर घराण्याचे आपण नाहीच असे तो सांगत असे, त्याच घराण्याच्या नात्याने.

(१८) यात खलनायक शोधण्याचा मोह होतो. मलाही झाला. पण नीट पाहिले तर संग्राहकांनी पैसे दिले, छायाचित्रे जपली, त्यांचा अभ्यास होऊ दिला. माळ्यावर राहिली असती तर वाळवीने खाल्ली असती, असेही म्हणता येईल. तरीही त्या प्रवासात एक गोष्ट तुटली. छायाचित्राच्या मागे 'मी आणि आत्या, कापूस विकल्याच्या दिवशी' अशा धर्तीचे काही लिहिलेले असेल, तर ती आत्या कोण हे सांगणारे माणूस हिबर स्प्रिंग्जमध्ये होते आणि छायाचित्र न्यूयॉर्कच्या भिंतीवर. प्रिंट पोचला, त्याच्याविषयी बोलणारा घरीच राहिला.

(१९) आणि मग माझ्या लक्षात आले की मीही घरोघर फिरणाऱ्यांपैकीच आहे. मी पैसे दिले नाहीत, छायाचित्रे परत केली, एवढाच फरक. मला पाच स्त्रियांचे चेहरे हवे होते. नऊवारी कशी नेसलेली आहे, दागिने कोणते, पडद्यावर काय रंगवले आहे, हे सारे मी टिपून घेतले. मावशीआजी त्या वेळी पलीकडे बसून शेंगा सोलत होती. "या कोण?" हे दोन शब्द विचारायला किती वेळ लागला असता? पुढच्या खेपेला विचारू, असे मनाशी म्हटले होते. पुढच्या खेपेला तिच्याजागी भिंतीवर ती फ्रेम होती.

(२०) गेल्या महिन्यात मोबाइलवर ते स्कॅन घेऊन मी पुन्हा आजोळी गेले. पुठ्ठा सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. कागद फाटला असता. त्याऐवजी आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांना ते दाखवत फिरले. चौथ्या घरी एका आजींनी चष्मा न लावताच मागच्या रांगेतल्या डावीकडच्या बाईवर बोट ठेवले. "ही आमची वन्सं. खांदा असा वाकडा धरायची, हंडा वाहून वाहून." तिसरे नाव मिळाले. त्याबरोबर असे काही मिळाले, जे छायाचित्रात मी शंभर वेळा पाहूनही पाहिले नव्हते: तो तिरपा खांदा. मला वाटत होते, स्टुडिओवाल्याने तिला तसे उभे केले असेल. उरलेल्या दोघींच्या जागा प्रबंधात रिकाम्या आहेत. तिथे 'अज्ञात स्त्री' असे मी लिहिणार नाही. 'संशोधकाने वेळेवर नाव विचारले नाही' असे तळटिपेत लिहिणार आहे. मार्गदर्शकांना ते चालेल की नाही, पाहू.

(२१) शेवटी एक विनंती. आज रात्री घरातले एक जुने छायाचित्र काढा आणि उलटे करा. मागे काही लिहिले असेल तर त्या बाजूचेही छायाचित्र घ्या. काही नसेल तर घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून नावे विचारा आणि मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहा. शाईचे पेन वापरू नका. शाई कागदातून पुढे उतरते. डावीकडून उजवीकडे नाव, नाते, गाव, अंदाजे साल. चिकटवायचे असेलच, तर त्याआधी. उरलेल्या दोन नावांचा शोध चालू आहे. मिळाली की याच धाग्याखाली लिहीन.